नागोजीरावांचं बोट

बंगळूरच्या रिचमंड टाउनातल्या एका बोळात कॅप्टन चंगप्पांचं छोटं हॉटेल होतं. कॅप्टन मूळचे कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, पासष्टची लढाई लढून लष्करातून बाहेर पडलेले. पाटीवर त्यांनी 'द मेस' एवढंच लिहिलं होतं आणि जेवणही मेससारखंच मोजकं ठेवलं होतं. सहा-सात पदार्थ, आणि त्यांतही लोक यायचे ते एकासाठी, निखाऱ्यावर भाजलेल्या डुकराच्या चॉपसाठी. ते भाजायचे नागोजीराव.

नागोजीराव आणि डुकराचं मटण, हे ऐकून गवीपुरमातल्या त्यांच्या भाऊबंदांच्या भुवया सव्वीस वर्षांपूर्वी वर गेल्या होत्या, त्या अजून खाली यायच्या होत्या. घराणं जुन्या मराठ्यांचं. शहाजीराजांच्या घोडदळाबरोबर कुणी मूळपुरुष बंगळूरला आला आणि इथलाच झाला, असं दर लग्नात पाहुण्यांना सांगायची पद्धत. या घरांतून रानडुक्कर चालायचं. चालायचं कसलं, मानाचं असायचं. पूर्वी मागडीच्या रानातून शिकार आली की घरोघर वाटे जायचे. पण गावडुकराचं नाव काढायचं नाही. रानातलं कंदमुळं खाऊन वाढतं आणि गावातलं काय खाऊन वाढतं ते सांगायला नको, म्हणून हा भेद. कॅप्टनांची डुकरं होसकोटेच्या पलीकडे एका वाडीत मक्यावर पोसलेली, रोज न्हाऊ घातलेली असतात, हे नागोजीरावांनी आईला कितीदा तरी समजावलं. "न्हालं तरी ते डुक्करच ना रे," एवढंच आईचं म्हणणं.

आई म्हणजे सोयराबाई. पोराची नोकरी सुटावी असंही तिला वाटत नव्हतं, कारण त्या वेळी घरात दुसरी कमाई नव्हती. शेवटी तिने मधला मार्ग काढला. एकोणसत्तर साली, नोकरीवर रुजू व्हायच्या दिवशी, तिने त्यांना देवघरासमोर उभं केलं, भवानीच्या पायांवर हात ठेवायला लावला आणि शब्द घेतला. शिजव, वाढ, लोकांना तृप्त कर, पण तोंडाला लावू नकोस. नागोजीरावांनी शब्द दिला. आई जाऊन चौदा वर्षं झाली तरी तो शब्द त्यांनी मोडला नव्हता. म्हणजे अर्ध्या बंगळूरला ज्याने चॉप खायला शिकवलं, त्याने स्वतः त्याचा एक तुकडाही कधी चाखला नव्हता. लोकांना ही थट्टा वाटायची. नागोजीराव नुसते हसायचे आणि उजव्या हाताची तर्जनी वर करून दाखवायचे.

कारण सगळी करामत त्या बोटात होती. बाकीचं कुणालाही शिकता आलं असतं, आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. चॉप चांगले दीड इंच जाड कापून घ्यायचे, हाडासकट. पातळ चॉप म्हणजे जाळीवर टाकला आणि वाळला. मिठाच्या पाण्यात थोडा गूळ, ठेचलेली मिरी आणि तमालपत्र घालून त्यात चार तास बुडवून ठेवायचे. मग कोरड्या फडक्याने असे टिपायचे की पाण्याचा थेंब राहता कामा नये. कडेच्या चरबीला तीन जागी सुरीने चीर द्यायची, म्हणजे चॉप आखडून वाकडा होत नाही. निखारे शेगडीत एका बाजूला रचायचे. आधी धगीवर दोन्ही अंगं खरपूस करून घ्यायची आणि मग चॉप जाळीच्या दुसऱ्या बाजूला सरकवायचा, जिथे आच नुसती येऊन लागते. आणि उतरवल्यावर ताबडतोब वाढायचा नाही. वर ताटली झाकून पाच मिनिटं त्याला त्याच्या नशिबावर सोडायचं, नाहीतर पहिल्याच घावाला आतला सगळा रस ताटभर होतो. या पाच मिनिटांवरून वाढप्यांशी त्यांची सव्वीस वर्षं भांडणं झाली.

पण उतरवायचा कधी, हे कुठल्या घड्याळात नव्हतं. प्रत्येक चॉप वेगळा, प्रत्येक दिवसाची धग वेगळी. नागोजीराव हाडाजवळ बोटाने हलकेच दाबायचे. लुसलुशीत लागलं तर अजून कच्चं, घट्ट लागलं तर वेळ गेली, आणि दोन्हींच्या मधे कुठेतरी मांस बोटाला परत ढकलायचं. त्या क्षणी उचलायचा. "बोटाला कळतं," ते म्हणायचे, आणि खरोखरच कळायचं. सव्वीस वर्षांत एकही ताट परत आलं नव्हतं. माणसाला मिरवायला आयुष्यात एक गोष्ट पुरते, आणि नागोजीरावांना ती होती.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळेनासं झालं. आधी ते स्वतःवरच हसले. मग बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, मग मुंग्याही गेल्या, आणि शर्टाची बटणं लावायला आरशासमोर उभं राहायची वेळ आली. साखरेचा आजार आहे हे त्यांना दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं होतं, इतकंच. आता एके संध्याकाळी त्यांनी चॉप दाबला आणि बोटाला काहीच कळलं नाही. दुसरं बोट लावलं. डावा हात लावून पाहिला. लाकडाला हात लावावा तसं नुसतं काहीतरी खाली आहे, एवढंच समजलं.

माणूस भ्याला की चुलीवर एक चूक हमखास करतो, शिजवत राहतो. डुकराचं मटण कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या जिवाशी खेळ, हे नागोजीरावांच्या डोक्यात पक्कं. त्यामुळे कळत नाही म्हटल्यावर ते चॉप जाळीवर एक मिनिट जास्त ठेवू लागले, मग दोन, मग तीन. सुईसारखी सळई आत खुपसून ती खालच्या ओठाला लावून पाहायची, अशी एक युक्ती जुन्या खानसाम्यांची त्यांना माहीत होती. पण आईने शब्द घेतला होता तो नेमका तोंडाचाच. सळई त्यांनी खिळ्याला टांगून ठेवली.

पहिलं ताट परत आलं ते एका शुक्रवारी, आणि नशीब असं की परत पाठवणारा मराठी निघाला. श्रीरंग नावाचा पुण्याचा मुलगा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला लागून वर्ष झालेला, जे. पी. नगरला मित्रांबरोबर राहणारा. भाजणारे काका मराठी आहेत असं वाढप्याकडून कळल्यामुळे तो ताट घेऊन स्वतःच आत आला.

"काका, सॉरी हं, पण आज जरा ड्राय झालंय. मागच्या महिन्यात खाल्लं ते काय अफलातून होतं. म्हणून वाटलं, तुम्हाला सांगावं."

नागोजीरावांनी ताटाकडे पाहिलं. कापलेलं मांस करड्या रंगाचं, धागे सुटलेलं. ताटात रसाचा टिपूस नव्हता.

"सरी, बरं. दुसरा देतो," ते म्हणाले.

"पण तुम्ही टेस्ट केलंत तर लगेच कळेल ना."

"मी खात नाही हे."

"म्हणजे कधीच नाही?" श्रीरंग खरोखर चकित झाला होता. "मग तुम्हाला कळतं कसं?"

या प्रश्नाचं उत्तर नागोजीराव सव्वीस वर्षं बोट वर करून देत आले होते. आज त्यांनी हात पुसायच्या फडक्यात गुंडाळून घेतला आणि शेगडीकडे वळले. त्या पोराचा हेतू वाईट नव्हता, पण तोंडात मारल्यासारखं झालं ते झालंच.

पुढच्या आठवड्यात आणखी दोन ताटं परत आली. बुधवारी दुपारी कॅप्टन आत आले. सत्तरी गाठलेला, अजूनही ताठ चालणारा माणूस. त्यांनी स्टूल ओढलं आणि कन्नडमधे सरळ विषयाला हात घातला.

"नागोजीराव, रविवारी दुपारी माझ्या पलटणीतले लोक येतायत. चौदा जण. त्यातले निम्मे पुढच्या वर्षी असतील की नाही सांगता येत नाही. त्यांना तुमचा चॉप खायचाय. आता खरं सांगा, जमेल? जमणार नसेल तर मी एखाद्या मोठ्या हॉटेलातला माणूस बोलावतो. तुम्ही इथेच राहाल, भात बघा, रस्सा बघा. पण शेगडी त्याच्याकडे जाईल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर नागोजीरावांना बरं वाटलं असतं.

"जमेल," नागोजीराव म्हणाले. हातांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

'द मेस' गुरुवारी बंद असायचं. सकाळी नागोजीराव जॉन्सन मार्केटात गेले आणि सहा जाड चॉप कागदात बांधून घेऊन आले. घरात नव्हे, मागच्या बोळाने परसात. परसात पाणी तापवायची चूल होती, तिच्याशेजारी त्यांनी चार विटा मांडल्या, वर जुनी जाळी टाकली, बादलीत मिठाचं पाणी केलं आणि खाली बसून राहिले. त्यांच्या घरात ही वस्तू यायची पहिलीच वेळ.

सगुणाबाई, त्यांची बायको, मागच्या दारात येऊन उभी राहिली. या बाईचं घर म्हणजे सासूच्या शिस्तीवर स्वतःची शिस्त चढवलेलं. हॉटेलातले कपडे घरच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत, नवऱ्याने मोरीत आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याच्या कामाबद्दल नाकही मुरडलं नव्हतं आणि चांगला शब्दही काढला नव्हता. तो विषयच घरात नव्हता. आज तिने बादलीकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि उंबऱ्यावर बसली.

"हातांना काही समजत नाही ना तुमच्या?" ती म्हणाली. "मंगळवारी उकळत्या भाताचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलंत. मी बघितलं."

मग नागोजीरावांनी सगळं सांगितलं. मुंग्या, परत आलेली ताटं, रविवारचे चौदा जण. "शेगडी गेली तर मी तिथे जाऊन करू काय, सगुणा? मला दुसरं येतंच काय?"

ती उठून आत गेली. चार तास झाल्यावर तिनेच येऊन आठवण केली.

पहिला चॉप त्यांनी लवकर उतरवला. कापला तर हाडापाशी लालभडक. तो बाजूला ठेवला. दुसरा बराच वेळ ठेवला. कापल्यावर डोळ्यांना बरा दिसत होता, पण बरा दिसणं आणि बरा असणं यांत किती अंतर आहे ते आठवडाभर त्यांनी भोगलं होतं. नागोजीराव त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलला. देवघराच्या बाजूला पाठ करून बसले आणि हात तोंडाकडे नेला.

सगुणाबाईने त्यांचं मनगट धरलं.

"सासूबाईंना शब्द कुणी दिला?"

"मी."

"मी दिला होता का?"

नागोजीरावांना आधी कळलंच नाही.

"त्या वेळी मी या घरात आलेही नव्हते," ती म्हणाली. "माझ्याकडून कुणी काही वदवून घेतलं नाही. द्या इकडे."

"अगं, सुम्ने, उगाच काहीतरी करू नकोस."

"द्या म्हटलं ना."

आणि ती बाई, जिने हॉटेलच्या वासाचा शर्टही चिमटीत धरून बादलीत टाकला होता, तिने तो तुकडा तोंडात घातला. डोळे मिटून घेतले. चावत राहिली, चावत राहिली. गिळताना तिच्या अंगावर आलेला काटा नागोजीरावांना दिसला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"चिवट," ती म्हणाली. "पुढचा टाका."

शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. "सगुणाक्का, एनु वासने?" कसला वास येतोय, तिला जाणून घ्यायचं होतं.

"रानडुक्कर. मागडीहून आलंय," सगुणाबाईने मागे वळूनही न बघता ठोकून दिलं. शेजारीण मान डोलावून दिसेनाशी झाली.

तिसऱ्या चॉपला सगुणाबाई उंबऱ्यावरून उठून विटांपाशी येऊन बसली. मटण तिने आयुष्यभर शिजवलं होतं, एवढं या प्राण्याचं सोडून. ती वाकून बघत होती. "हाडाजवळ बघा. पाणी सुटतंय." खरंच, भाजलेल्या अंगावर, हाडाच्या कडेने बारीक बारीक थेंब वर येत होते. लालसर. नागोजीरावांनी ते हजारदा पाहिले असतील, पण त्यांच्याकडे लक्ष कधी दिलं नव्हतं. बोट आधीच सांगून मोकळं व्हायचं, मग डोळ्यांना विचारतो कोण. हा चॉप त्यांनी थेंब लालसर असतानाच उचलला, पाच मिनिटं झाकला, कापला. आत कच्चा. चौथा त्यांनी थेंब आटून जाईपर्यंत ठेवला, आणि सगुणाबाईने खाऊन मान हलवली. कोरडा. पाचव्याला दोघं जाळीवर डोकं घालून बसली, धुराने डोळ्यांतून पाणी काढत. लालसर थेंब फिके झाले, मग स्वच्छ, पाण्यासारखे.

"आता," दोघं एकदमच म्हणाली.

पाच मिनिटं ताटलीखाली झाकून ठेवला. कापला तेव्हा रस सुरीवर चकाकला, पण ताटात वाहिला नाही. सगुणाबाईने खाल्लं. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"हं. हा." एवढंच म्हणाली. सहावाही त्यांनी तसाच केला आणि तिने खाऊन तसाच पास केला. मग ती उठली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि संध्याकाळपर्यंत देवघराकडे फिरकली नाही.

रविवारी नागोजीरावांनी शेगडीवर साठाचा बल्ब खाली ओढून बांधला. चौदा चॉप, चार-चारच्या खेपांनी आणि शेवटी दोन. डोळ्यात तेल घालून म्हणतात ते त्या दुपारी अगदी खरं होतं. घाम भुवईवरून उतरायचा, तो पुसायलाही ते नजर काढायचे नाहीत. दुसऱ्या खेपेला एका चॉपचे थेंब धुरात नीट दिसेनात. त्यांनी तो चॉप चिमट्याने उचलून बल्बपाशी धरला, खात्री केली आणि उतरवला.

बाहेर म्हातारे सैनिक मोठ्याने बोलत होते. चॉप गेले तसा आवाज कमी झाला. मग ताटं परत आली. चौदाच्या चौदा, आणि त्यांत फक्त हाडं.

कॅप्टन आत आले तेव्हा नागोजीराव स्टुलावर बसले होते. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि बुधवारी जे सांगायचं राहिलं होतं ते सांगून टाकलं. कॅप्टनांनी त्यांचं बोट हातात घेऊन दाबलं, अजून जोरात दाबलं. नागोजीरावांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"मग आज कसं केलंत?"

"बघून."

कॅप्टनांनी त्यांचं बोट सोडलं. "उद्या सकाळी जीप घेऊन येतो," ते म्हणाले. "मिलिटरी हॉस्पिटलातला एक डॉक्टर माझा मित्र आहे. हात गेले तर गेले, पण डोळे जाऊ द्यायचे नाहीत. शेगडी तुमचीच आहे."

चारच्या सुमाराला नागोजीराव घरी आले. सगुणाबाई पुढच्या पायरीवर बसून मेथी निवडत होती. तिने वर बघितलं आणि त्यांच्या चालण्यावरूनच ओळखलं, तरी विचारलं, "किती परत आले?"

"एकही नाही."

"बरं झालं." ती पुन्हा मेथीकडे वळली. नागोजीराव आत गेले नाहीत. तिच्या खालच्या पायरीवर बसले.

"तुला फार जड गेलं ना गुरुवारी?"

"गेलं," ती म्हणाली. "शुक्रवारी मी देवळात गेले. भवानीला सांगून टाकलं, की मी खाल्लं आणि का खाल्लं. वाईट नव्हतं असंही सांगितलं. तिच्याशी खोटं कशाला बोलू?"

नागोजीराव तिच्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "सगुणा, कसं लागतं गं ते?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली. हा प्रश्न असा होता की त्याला घाईत उत्तर देता येत नाही, हे तिला समजलं.

"वरून करपल्यासारखं वाटतं, पण कडू नाही. खमंग. मग मिरी. दात लागतो तिथे मऊ, आणि तोंडात पाणी सुटतं ते आपलं की त्याचं, कळत नाही. चरबीची कड आहे ना, ती आधी कुरकुरीत, मग विरघळते. गूळ शेवटी येतो, स्वल्पच. गिळल्यावर वाटतं, अजून एक घास असता तर." तिने पुन्हा जुडी उचलली. "तुम्ही फार चांगलं करता हो. इतकी वर्षं मला ठाऊकच नव्हतं."

कर्नल, ब्रिगेडियर, क्लबातल्या मडमा, सगळ्यांनी त्यांच्या चॉपची तारीफ केली होती आणि प्रत्येक वेळी त्यांनी नुसती मान झुकवली होती. आज मान झुकवायचंही सुचलं नाही. सगुणाबाईने मेथीची जुडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ते ती पानं, बोटांना लागत नव्हती तरी, एकेक करून बघून निवडू लागले.